यल्लूबाईची हाक

या, सरका जरा पुढं. मागं त्या निंबाखाली कशाला बसताय? तिथं ऐकू येत नाही आणि डोक्यावर कावळे बसतात ते वेगळंच. सरोदे बुवांची गाडी अजून फाट्यावरच आहे म्हणे. पेटीवाला सूर धरून बसलाय, तबलजी हातोडीनं ठोकून ठोकून तबल्याला रडवतोय. कीर्तन उभं राहायला अवकाश आहे. तोवर एक गोष्ट सांगतो.

डुकरांची आहे. हसू नका. हंगामाचा सण, समोर ख्रिस्ताचं देऊळ, देवळापुढं धान्याच्या राशी, आणि हा देवदान उजागरे म्हातारपणी डुकरांची गोष्ट काय सांगत बसलाय, असं वाटेल. शेवटपर्यंत ऐका. मग हसायचं तर हसा, मीही हसेन.

चैत्र संपत आला होता. सकाळची न्याहारी व्हायच्या आत ऊन पाठीला चावायला लागलं होतं. गाडी उलटी घेऊन उताराला लावली, मागचं फळकूट पाडलं, आणि एकही डुक्कर खाली उतरेना.

मी तेव्हा माळावरच्या त्या मांसाच्या कारखान्यात कामाला होतो. कारखाना म्हणजे डुकराच्या मांसाचा. मुंबई-गोव्याच्या हॉटेलांना माल जायचा. आतलं काम माझं नव्हतं. माझं काम मागच्या अंगणातलं. गाडी आली की डुकरं उतरवून घ्यायची, सावलीतल्या गोठ्यात पाणी पाजून विसावा द्यायचा, आणि वेळ झाली की त्यांना हिरव्या दारापर्यंत पोचवायचं. दाराच्या अलीकडचं सगळं माझं, पलीकडचं दुसऱ्यांचं.

माझ्या अंगणात काठी चालत नसे. विजेचा चटका देणारी नळी साहेबांनी एकदा आणली होती, ती मी कपाटावर टाकली ती तिथंच राहिली. माझ्या हातात एक प्लायवूडची फळी असायची, ढालीसारखी. डुकराच्या खांद्याशी उभं राहायचं, फळी आडवी धरायची, आणि चालायचं. डुक्कर हट्टी असतं असं लोक म्हणतात. हट्टी नाही हो, विचारी असतं. समोर पत्रा चमकला, सावली हलली, कुणाचा टॉवेल फडफडला, की ते थांबतं आणि विचार करतं. त्याचा विचार पुरा होऊ द्यायचा, एवढंच. आणि तेवढ्या वेळात मी गुणगुणायचो. मला गाणं येत नाही, पण कीर्तनांच्या चाली लहानपणापासून कानात बसलेल्या. वडील बुवांच्या मागं झांजा धरायचे, मी त्यांच्या मांडीशी. त्यातली एखादी संथ चाल धरली की जनावरं कान पाडून चालायला लागायची. कारखान्यातली पोरं म्हणायची, "देवदानचं कीर्तन उभं राहिलं." मी म्हणायचो, "तुमच्यासारखे मधेच उठून जाणारे तरी नाहीत माझे श्रोते."

तर त्या दिवशी गाडी उताराला लागली आणि श्रोते जागचे हलेनात.

"काय झालं रे लहानू?" मी ड्रायव्हरला विचारलं.

लहानू कपाळाचा घाम निपटत म्हणाला, "काय सांगू देवदानभाऊ, घाटाखाली मागचं टायर फुटलं. बाँब फुटल्यागत आवाज झाला. तवापास्नं सगळी पुढं येऊन केबिनला चिकटलीत. मागं बघायलाबी तयार न्हाईत."

मी वर चढून पाहिलं. खरंच, गाडीचा मागचा अर्धा भाग मोकळा आणि पुढं डुकरांची उतरंड लागलेली. एकावर एक चढलेली, तोंडं केबिनच्या पत्र्याला लावलेली. ज्या बाजूला आवाज झाला ती बाजू त्यांच्या लेखी संपली होती. खालून कुणाचा तरी बारीक, घुसमटलेला आवाज येत होता.

नेहमीचे उपाय केले. उताराच्या पत्र्यावर ऊन चमकत होतं, त्यावर ओली पोती अंथरली. गजाला कुणी तांबडा टॉवेल वाळत घातला होता, तो काढायला लावला. माझ्याबरोबर यशया नावाचा गडी होता, त्यानं गोठ्यापुढच्या जमिनीवर पाणी मारलं, म्हणजे गार वाऱ्याचा वास गाडीत जाईल. मी फळी घेऊन कडेकडेनं आत गेलो. गुणगुणलो. एक पाऊल टाकलं की ती आणखी दाटायची. मी पुढं जायचो तेवढा खालचा आवाज बारीक व्हायचा. मग मी मुकाट्यानं मागं आलो.

"असं न्हाई जमायचं," लहानूनं गाडीतली काठी काढली. "दोन ठेवून दिल्या की उड्या मारत येतील."

मी त्याचं मनगट धरलं. "लहानू, गाडी तुझी, डुकरं ज्याची त्याची, पण हे अंगण माझं."

"मग घ्या तुमच्या अंगणात उकडून," तो म्हणाला आणि काठी आपटून विडी पेटवायला गेला.

तो बोलला ते रागानं, पण खोटं नव्हतं. डुकराला घाम येत नाही. माणूस उन्हात चिडतो, डुक्कर मरतं. पुढचा पत्रा हाताला चटके देत होता. आणखी थोडा वेळ, आणि खालची गुदमरून, वरची तापून, एकेक गेली असती.

तेव्हा माझं लक्ष त्या बाईकडं गेलं. केबिनमधून उतरून ती भिंतीच्या सावलीत एका दगडावर बसली होती, गाडीकडं पाठ करून. हिरवं जुनेर, कपाळावर ठसठशीत गोंदण, हाताची बोटं दगड फोडून फोडून गाठाळलेली. तोंडावर पदराचा बोळा धरलेला.

"ही कोण?"

"डुकरांची मालकीण," लहानू म्हणाला. "यल्लूबाई अलकुंटे. वडारवाडीची. सकाळधरनं एक शबुद बोलली न्हाई. मला तर वाटलं मुकी हाय."

मी तिच्यापुढं उकिडवा बसलो. "मावशी, तुम्हीच पाळलीत ना ही?"

तिनं मान हलवली.

"मग एक हाक मारा. तुमचा आवाज ओळखतील. आपण होऊन खाली येतील."

तिनं पदर तोंडावरून जरासा बाजूला केला आणि अगदी कुजबुजत म्हणाली, "वळखतील. म्हनूनच न्हाई."

"म्हणजे?"

"न्हाई म्हनले ना दादा." आणि पुन्हा पदर तोंडावर.

मी चक्रावलो. गाडीत जनावरं तडफडतायत, ज्यांना या बाईनं लहानाचं मोठं केलं, आणि ही एक हाक मारायला तयार नाही. मी परत सांगून पाहिलं, समजावून पाहिलं. ती डोळे मिटून घ्यायची. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तोंडातून शब्द नाही.

तेवढ्यात आमचे मॅनेजर, खटावकर साहेब आले. पांढरा बुशशर्ट, कपाळाला गंध. माणूस शिस्तीचा, पण वाईट नव्हता. डुकराच्या कारखान्याचा मॅनेजर आणि घरी संकष्टी, एकादशी सगळं पाळणारा. आम्ही त्याबद्दल मागं हसायचो, ते त्यांनाही माहीत होतं.

"काय देवदान, आज कीर्तन उभं राहीना का? आतली माणसं हात चोळत बसलीत."

मी सगळं सांगितलं. ते गाडीत डोकावले, आणि त्यांचा चेहरा उतरला. खालचा आवाज आता थांबून थांबून येत होता.

"बाई," ते यल्लूबाईपुढं येऊन उभे राहिले, "तुमचीच जनावरं आहेत ती. तुमच्या डोळ्यांदेखत गुदमरतायत. एका हाकेचं काम आहे. तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?"

हे मात्र तिला लागलं. ती उठून उभी राहिली, साहेबांच्या इतक्या जवळ गेली की ते एक पाऊल मागं सरकले. पण आवाज तोच, कुजबुजता. गाडीला ऐकू जाऊ नये एवढा. तेव्हा मला कळलं की ही बाई सकाळपासून मुकी का झाली होती. आवाज काढला असता तर डुकरांनी ओळखला असता.

"मला कायबी वाटत न्हाई व्हय साहेब? ऐका मग. मी त्यास्नी सांजसकाळ एकच बोलते. 'या गं बायांनो, वाढलंय गं.' पिल्लं होती तवाधरनं. येक दिस सुदिक न वाढता हाक मारली न्हाई मी. घरात आमास्नी कोरभर न्हवतं तवाबी आधी भाताचं पानी तरी कुंडीत वतलं, मग हाक मारली. हाक मारली आन् म्होरं काय न्हाई, असं कवा झालं न्हाई."

ती थांबली. दम खाल्ला.

"मालक व्हते तवर न्यायचं काम त्यांचं. मी वाढायची, ते न्यायचे. ज्येनं वाढलं त्येनं न्यायचं न्हाई, आमच्यात तसं ठरल्यालंच हाय. न्यायच्या दिवशी मी घराच्या मागं जाऊन बसायची, कानात बोटं घालून. औंदा मालक न्हाईत. दिवाळीत गेले. शेजारच्यांनी गाडी भरून दिली, पन संगं कोन येनार? म्हनून मी आले. आले, पन वाचा बंद ठिवली. आता तुमी म्हनताय हाक मार. मी 'वाढलंय' म्हनू? आन् म्होरं काय हाय साहेब?"

तिनं हनुवटीनं दाखवलं. अंगणाच्या टोकाला ते हिरवं दार होतं.

लहानूनं विडी पायाखाली घातली. साहेब दाराकडं बघत राहिले. रोज बघायचे तेच दार.

गाडीतून पुन्हा आवाज आला. यल्लूबाई स्वतःच्या हातांत स्वतःची बोटं मोडत होती. तिला हाक मारायची नव्हती असं नाही हो. हाक तिच्या घशाशी येऊन अडकली होती, आणि ती दोन्ही हातांनी ती आत दाबत होती.

मी म्हणालो, "मावशी, तुमची हाक खरी करू."

"कशी?"

"गोठ्यात ताट वाढतो. तुम्ही हाक मारा. ती येतील आणि खातील."

साहेब दचकले. "देवदान, डोकं ठिकाणावर आहे ना? पोट भरलेलं जनावर आज आत घेता येत नाही. नियम आहे. खाल्लं की आजचं काम गेलं."

"गेलं तर गेलं साहेब. आज नका कापू."

"आणि आतल्या माणसांना काय सांगू? अंगण धुवा?"

"धुऊ द्या की. कधी धुतलंय नीट?" मी म्हणालो. मग आवाज खाली आणला. "साहेब, ही गाडी अशीच राहिली तर उद्याही काही उरणार नाही. आणि ओढून काढली तर घाबरलेल्या जनावराचं मांस पाणी सोडतं, पांढरं पडतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. एक दिवस द्या त्यांना. नाहीतर मला घरी पाठवा. पण माझ्या अंगणात मी काठी उचलू देणार नाही."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, बाईकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं. खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"उद्या," ते म्हणाले. "एक दिवस."

मला वाटलं, सुटलो. पण यल्लूबाई हलली नाही.

"आन् उद्या?" तिनं मला विचारलं. साहेबांना नाही, मला.

गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. पण ती बाई सकाळपासून खोटं न बोलण्यासाठी मुकी राहिली होती. तिच्यापुढं माझी जीभ खोटं बोलायला वळेना.

"उद्या ती त्या दारातून जातील मावशी. ते मला टाळता येणार नाही. पण तुमच्या हाकेनं जाणार नाहीत. तुमची हाक ताटापाशी संपेल. पुढं मी त्यांच्याबरोबर चालेन. काठीनं नाही, ओरडून नाही. माझ्या पावलानं."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली. वडाराच्या बाया दगडाकडं बघतात ना, कुठं घाव घातला तर सरळ फुटेल, तसं.

"आधी वाढ," ती म्हणाली. "मी बघते. मग हाक."

आता खरी पंचाईत. आमच्या अंगणात खाद्य कुठून येणार? आमच्याकडं जनावर उपाशीच यायचं आणि तसंच जायचं. पाणी होतं, कुंड्या होत्या, दाणा नव्हता. यशया म्हणाला, "भाऊ, जेवणाचे डबे आहेत की."

मी आत पळालो. आतल्या खोलीत माणसं रिकामी बसली होती. मी म्हणालो, "डबे काढा."

"एवढ्यात? भूक नाही."

"तुमच्यासाठी नाही. डुकरांसाठी."

पहिल्यांदा सगळे हसले. मग मी सांगितलं. फार नाही, दोन-चार वाक्यांत. हसणं थांबलं. एकजण उठला, त्यानं भाकरीचं फडकं सोडलं. मग दुसरा. कुणाची चटणी-भाकरी, कुणाचा पिठल्याचा गोळा, कुणाचा आदल्या दिवशीचा भात. खानावळवाली सगुणा डाळ-तांदळाचं पातेलं दोन्ही कानांना धरून धापा टाकत आली. "रांधलेलं आहे, अजून फोडणी दिली नाही," ती म्हणाली. "फोडणीशिवाय चालेल ना त्यांना?"

यशया म्हणाला, "चालेल. तुझ्या फोडणीनं माणसंच आजारी पडतात." तिनं त्याला पळी उगारली. त्या सगळ्या धांदलीत तेवढंच हसू झालं.

गोठ्यातली कुंडी भरत आली, तेवढ्यात खटावकर साहेब आले. हातात स्टीलचा डबा. झाकण उघडलं तर साबुदाण्याची खिचडी, वर खोबरं, कोथिंबीर.

"आज चतुर्थी आहे माझी," ते कुणाकडं न बघता म्हणाले, आणि डबा कुंडीत पालथा केला. "चंद्र निघेपर्यंत तसाही दम काढायचाच असतो."

यल्लूबाई गोठ्याच्या तोंडाशी आली. वाकून कुंडीत हात घातला, भाकरीचा तुकडा बोटांनी कुस्करून पाहिला. खरं अन्न आहे का, पोटभर आहे का, हे बघत होती. कोरडी भाकरी डाळीत नीट कालवली. एखाद्या पंगतीला पान वाढून झाल्यावर घरची बाई नजर फिरवते तशी नजर फिरवली. मग उठली, पदर खोचला, आणि गाडीच्या दिशेला तोंड केलं.

आयुष्यात खूप कीर्तनं ऐकलीत मी. मोठमोठे बुवा ऐकलेत. पण तसा आवाज नाही ऐकला. सकाळपासून दाबून ठेवलेला, फुटलेला, खरबरीत आवाज. आधी घोगरा आला, मग एकदम मोकळा झाला.

"याऽऽ गं माझ्या बायांनोऽ… याऽऽ रं माझ्या वाघांनोऽ… वाढलंयऽ गंऽऽ… वाढलंयऽ रंऽऽ…"

गाडीतली धुसफूस थांबली. एका क्षणात. मग त्या उतरंडीतून एक कान वर आला. मग एक तोंड वळलं. दुसऱ्या हाकेला वरची एक मादी खाली घसरली, तिनं अंग झाडलं, आणि जिकडं बाँब फुटला होता त्या बाजूला, उघड्या फळकुटाकडं, टुकूटुकू चालत आली. काठावर थांबली. ओल्या पोत्याला नाक लावलं. विचार केला.

"वाढलंयऽ गं माझे बायऽऽ…"

ती उतरली. तिच्यामागं दुसरं, तिसरं, मग रांगच लागली. पोत्यावरून, माझ्या आणि यशयाच्या फळ्यांच्या मधून, थेट कुंडीपाशी. मी हात लावला नाही कुणाला. गोठ्यात नुसता मचमच आवाज. यल्लूबाई हाक मारतच होती, डोळे मिटून, गालांवरून पाणी ओघळत होतं आणि आवाज कुठं तुटत नव्हता. खिचडी खाणाऱ्या एका डुकराकडं बघून साहेब हळूच म्हणाले, "मिरची जास्त असते आमच्या हिच्या हातची." एवढं बोलून ते पलीकडं वळले आणि चष्मा पुसत राहिले.

सगळ्यांत खालचं एक मात्र गाडीतच राहिलं. जिवंत होतं, पण पायांत बळ नव्हतं. कान धरून, पाय धरून ओढायची रीत असते बऱ्याच ठिकाणी. आम्ही तसं केलं नाही. रुंद फळीवर पोतं टाकलं, त्याला हळूच त्यावर सरकवलं, आणि फळी चौघांनी उचलून उतरवली. एका टोकाला मी, एकाला यशया, एकाला लहानू. चौथं टोक साहेबांनी धरलं होतं. गोठ्याच्या गारव्यात आणून ठेवलं. यल्लूबाई त्याच्याजवळ बसली, ओंजळीनं त्याच्या तोंडाशी पाणी धरलं, डाळभात चाटवला. ऊन कलायच्या आत ते उठून बसलं. ती त्याच्या पाठीवर थोपटत काहीतरी पुटपुटत होती. ते मी ऐकलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

परतायची वेळ झाली. लहानू हॉर्न वाजवत होता, पण आज हळू वाजवत होता. ती माझ्यापाशी आली.

"उद्या तू काय म्हनशील त्यास्नी?"

"मी गुणगुणतो मावशी. कीर्तनातली एखादी चाल."

"काय असतंय त्यात?"

मला लाज वाटली, पण म्हणून दाखवलं. आमच्या वडिलांनीच कधीतरी जुळवलेली ओळ होती: "तुझ्या अंगणी आलो देवा, चालव माझ्यासंगती…"

तिनं मान वाकडी करून नीट ऐकलं. दोनदा म्हणायला लावलं. मग विचारलं, "त्यात 'वाढलंय' न्हाई ना कुटं?"

"नाही."

"मंग म्हन."

दुसऱ्या दिवशी मी तेच म्हटलं. डुकरं माझ्या फळीशी खांदा लावून चालली. एकही थांबलं नाही, एकही ओरडलं नाही. दाराशी मी थांबलो. त्या दिवसाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

पण त्यानंतर एक झालं. खटावकर साहेबांनी स्वतःहून अंगणात नवी कुंडी बसवली. गाडी लागली की आधी त्या कुंडीत गुळाचं पाणी. पाण्याला नियमाची हरकत नव्हती. कुंडी भरलेली नसेल तर कुणी जनावराला "ये ये" म्हणायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. कारखान्यात त्या कुंडीचं नाव 'यल्लूबाईचं ताट' असंच पडलं. नवीन आलेल्या माणसाला ते कुणी समजावून सांगत नसे, पण रिकामं मात्र कुणी ठेवत नसे.

यल्लूबाई पुढंही डुकरं पाळत राहिली. दर खेपेला आता स्वतः यायची, आणि आता मुकी यायची नाही. गाडीतच लहानूशी भांडत यायची. उतरली की आधी कुंडीत हात बुडवून जिभेवर टेकवायची. गूळ कमी वाटला तर मला झापायची, "देवदान, पाहुन्यास्नी असं पाचकवनी पाजतात व्हय?" मग हाक. ताटापाशी हाक संपवायची, पाठ फिरवायची, आणि मागं न बघता निघून जायची. पुढचं माझं.

बरीच वर्षं गेली. कारखाना बंद झाला, मी घरी बसलो. एक दिवस तिच्या भाचीचा निरोप आला, मावशी बोलावतीये. मी गेलो. दुपारची वेळ होती. खडीच्या खाणीजवळचं ते घर, दारापुढची डुकरांची कुंडी कोरडी पडलेली. ती बाजेवर पडली होती, एवढीशी झालेली.

"बस," ती म्हणाली. पुन्हा तोच कुजबुजता आवाज. या वेळी मात्र दुसरा आवाजच उरला नव्हता.

मी बसलो.

"देवदान, मला हाक आलीया. लई दिस झालं. मीच अडून बसलीया. त्या गाडीतल्यागत, त्वांड फिरवून."

"का मावशी?"

"तिकडं वाढल्यालं हाय का, कुनी बघितलंय?" तिनं माझा हात धरला. अजूनही तो हात दगडासारखा होता. "तू जलमभर कीर्तनं ऐकलीस. तुला ठावं असंल. गोड बोलू नगंस. तवा बोलला न्हाईस, आताबी बोलू नगंस."

मंडळी, ती यल्लम्माची, मी या देवळातला. तिच्या देव्हाऱ्यातला कवड्यांचा हार माझ्यासमोर लटकत होता. बुवांनी सांगितलेलं सगळं आठवून पाहिलं, पण त्यातलं एकही वाक्य त्या बाजेपाशी उभं राहीना. मग मी मला माहीत होतं तेवढंच सांगितलं.

"मी बघितलं नाही मावशी."

तिचा हात सैल पडला.

"पण जो हाक मारतोय, त्याच्या ओळखीत मी जन्म काढलाय. तो न वाढता हाक मारायचा नाही. तो तुमच्यासारखाच आहे."

ती माझ्याकडं बघत राहिली. दगडाकडं बघतात तसं. मग तिच्या तोंडावर हसू आलं, दात नसलेलं, लहान मुलासारखं.

"माझ्यावानी?" ती म्हणाली. "मंग भाताचं पानी तरी आसंलच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, जनावरांना वाढायच्या वेळेला ती गेली. भाची सांगत होती, शेवटी तिनं कुशी बदलली आणि तोंड दाराकडं केलं.

आले वाटतं बुवा. पेटीचा सूर लागला बघा. उठू नका, कीर्तन आता उभं राहील. पण एक करा माझ्यासाठी. शेवटी प्रार्थनेच्या आधी बुवा क्षणभर थांबतात, ज्याला त्याला आपापली गेलेली माणसं आठवायला. तुमची माणसं आठवून झाली, की तेवढ्यात एक नाव माझं म्हणून घ्या. यल्लूबाई अलकुंटे, वडारवाडीची. मोठ्यानं नको. हळूच घ्या. तिला कुजबुजलेलं कळतं.